दोन ‘शेतकऱ्यांना’

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाची वर्दी द्यायची. रफाराचा आघात मागच्या अक्षरावर येतो, म्हणून वृत्तात ‘दर्या’तला ‘द’ गुरू ठरतो. ‘दऱ्या’त तो लघूच राहतो. मराठी कानाला हे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते कुणीतरी शिकवावे लागते, आणि प्रोग्रामर म्हणून माझा बराच वेळ या शिकवणीत जातो.

संगणक अक्षराची आकृती साठवत नाही, क्रमांक साठवतो. १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रमाणात लिप्यांना असे क्रमांक दिलेले आहेत. त्यातली देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ या आधीच्या प्रमाणावरून घेतलेली आहे. अडचण अशी, की ‘ऱ्या’ दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य येतात. दुसरीत साधा र, हलन्त, ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे अदृश्य चिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पहिल्या रीतीने ११ क्रमांकांचा होतो, दुसरीने १२ चा; यूटीएफ-८ पद्धतीत ३३ बाइट आणि ३६ बाइट.

कोणती रीत उमटेल, हे कीबोर्डवर अवलंबून असते. इनस्क्रिप्टमध्ये नुक्त्याच्या ऱ ला स्वतंत्र जागा आहे. इतर कीबोर्ड आपापल्या सोयीने लिहितात. १९७३ पासून वापरात असलेले ‘ग्रेप’ हे शोधाचे साधन क्रमांक जुळवते, डोळ्यांना काय दिसते ते नाही. गिट हे बदलांची नोंद ठेवणारे साधनही अशा ओळीला ‘बदललेली’ म्हणते, आणि पाहणाऱ्याला बदल दिसत नाही.

परभणीसारख्या जिल्ह्यात ही किरकोळ बाब नाही. इथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द नसलेले शेतीचे पत्रक सापडणे कठीण. कापसाच्या झाडाला आपण ‘पऱ्हाटी’ म्हणतो. आडनावांत कुऱ्हाडे आहेत, गोऱ्हे आहेत. यादी एका रीतीने टंकलेली आणि शोध दुसऱ्या रीतीने घेतलेला असला, की ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते. माणूस समोर उभा असतो, नाव यादीत असते, आणि तरी त्याला परत जावे लागते.

युनिकोडने समान रूपे एकत्र आणण्यासाठी ‘नॉर्मलायझेशन’ची सोय केली आहे. साधा र आणि सुटा नुक्ता मिळून झालेला ऱ तिने एकरूप होतो; अदृश्य चिन्हाची रीत मात्र तशीच वेगळी राहते. काही प्रोग्राम मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे सरसकट पुसतात. मग उरतो र, हलन्त आणि य, म्हणजे रफार. ‘शेतकर्यांना’ असे जे अनेकदा छापलेले दिसते, त्याचे एक कारण हे आहे. दोष दर वेळी टंकणाऱ्याचा नसतो. म्हणून आधी ‘र, हलन्त, अदृश्य चिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवायचे, आणि सफाई नंतर. हाच नियम यादीला आणि शोधशब्दाला, दोघांनाही लावायचा. ‘ॲप’चेही तसेच: अखंड ॲ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला यांचे क्रमांक वेगळे आहेत.

मुक्त सॉफ्टवेअरचे मोल मला इथे कळते. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस यांत अक्षरे जुळवण्याचे काम ‘हार्फबझ’ हा मुक्त प्रोग्राम करतो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फॉन्टही मुक्त परवान्याचा आहे. अर्धा र कुठे बिघडला, तर त्यांची आतली मांडणी उघडून पाहता येते, दुरुस्ती सुचवता येते आणि ती स्वीकारली गेली तर सर्वांना मिळते. बंद प्रोग्राममध्ये तक्रार करून वाट पाहावी लागते. मराठीची अशी बारीक दुखणी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणे अवघड. ती ओळखणारा आणि दुरुस्त करणारा हात मराठी जाणणाराच लागतो. तो परभणीत बसलेला असला, तरी चालते.