शनिवारी येणारी मुले

एखाद्या दुपारी गणवेशातील दोन-चार मुले वही घेऊन आपल्या दारात उभी राहतात आणि म्हणतात, "आजोबा, आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आलो आहोत." दार उघडावे का, असे मला दवाखान्यात अनेक वृद्ध रुग्ण विचारतात. माझे उत्तर 'जरूर उघडा' असेच असते. मात्र त्यापुढे थोडे सांगावे लागते.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. पुढे ती अकरावी-बारावीच्या वर्गांपर्यंत आली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि सात दिवसांच्या शिबिरात राहावे, अशी तिची मांडणी आहे. विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते, उत्तम काम करणाऱ्या महाविद्यालयाचा गौरव होतो. गौरवाची इच्छा असण्यात गैर काही नाही. आपणही शाळेत बक्षिसासाठी अक्षर सुधारलेच होते की!

तरीही काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. माझ्या एका ८२ वर्षांच्या रुग्ण आजींकडे एका कनिष्ठ महाविद्यालयाची वीस मुले एकदम आली. केळी, चिकू आणि बिस्किटे त्यांच्या हाती देऊन छायाचित्र काढले गेले. आजी मधुमेही होत्या, हे कोणी विचारले नाही. त्यांनी घरातले जुने लुगडे नेसले होते, तेही बदलू दिले नाही. सारे दहा मिनिटांत आटोपले. पुढे ते छायाचित्र महाविद्यालयाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आले. "डॉक्टर, मी काय भिकारीण आहे का हो?" हा त्यांचा प्रश्न ऐकून मी त्यांचा रक्तदाब मोजायचेही विसरलो.

मी त्या महाविद्यालयात जाऊन कार्यक्रम अधिकारी असलेल्या बाईंना भेटलो. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी उलट मलाच कामाला लावले. पुढच्या वर्षी वीस मुलांचा जथा बंद झाला. दोन मुले, एक घर, दर शनिवारी दीड तास, आणि घरातल्यांच्या परवानगीशिवाय छायाचित्र नाही, असे ठरले.

त्यातल्या एका जोडीला माझ्या ७६ वर्षांच्या रुग्णाचे घर मिळाले. बाईंनी मुलांना एवढेच सांगितले होते, की घरातील प्रत्येक गोळीच्या वेष्टनावरचे नाव जसेच्या तसे उतरवून आणा. ती यादी मी वाचली आणि खाली बसलो. रक्तदाबासाठी मी लिहून दिलेली अम्लोडिपिन आणि शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली वेगळ्या नावाची गोळी, दोन्हींतला घटक एकच होता. आजोबा दोन्ही घेत होते. त्यांच्या पायांना सूज होती, उठताना तोल जात होता, आणि मी ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या सुवाच्य अक्षराने माझी चूक मला दाखवली. दुसऱ्या डॉक्टरांशी बोलून एक गोळी बंद केली. सूज काही आठवड्यांत उतरली.

तेव्हा मुले आली, तर त्यांना असे काम सांगा. औषधांची यादी लिहून घ्या. परंतु गोळी बंद करणे वा बदलणे हे काम डॉक्टरांचेच. न्हाणीघराच्या वाटेवर रात्री उजेड आहे का, पायाखाली सरकणारे पायपुसणे आहे का, हे त्यांना पाहू द्या. यंत्रावर रक्तदाब मोजायचा असेल, तर आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. मोजताना गप्पा नकोत. सत्तरी ओलांडलेल्यांसाठीच्या आयुष्मान वयवंदना कार्डाची नोंदणी मुले सहज करून देतील, मात्र त्या वेळी घरातले विश्वासाचे माणूस जवळ असावे. आधार क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी वहीत उतरवू देऊ नये. मुलांचे ओळखपत्र पाहावे, महाविद्यालयात दूरध्वनी करून खात्री करावी. यात संकोच कसला?

आणि मुलांकडून नुसते घेत राहू नका. त्या आजोबांनी मुलाला जमिनीच्या जुन्या दस्तांतील मोडी वाचायला शिकवली. बाईंनी तेही तास वहीत धरले, आणि मला ते योग्य वाटले.

यंदाच्या अहवालात छायाचित्रे फार थोडी आहेत. पुरस्कार मिळेल की नाही, याची बाईंना धाकधूक आहे. मी त्यांना औषधांच्या यादीची हकिकत, माझ्या चुकीसह, पत्रात लिहून दिली आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आली आणि भेटी थांबल्या. ते आजोबा सलग तीन शनिवार दाराशी खुर्ची टाकून बसले होते, हे मला त्यांच्या सुनेने सांगितले. आता पहिल्याच भेटीत मुले शेवटच्या शनिवारची तारीख सांगतात आणि सून ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवते.