गंज आतून येतो

जर्मनीत १९५० साली फोक्सवॅगनची ‘टाइप २’ व्हॅन आली आणि १९५१मध्ये वेस्टफालिया कंपनीने तिच्यात झोपण्या-रांधण्याची सोय केली. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे. रेडिएटरची कटकटच नाही. ब्रिटन-जर्मनीतली कुटुंबे या जुन्या गाड्या आजही हौसेने घेतात. पण रेडिएटरमधून हद्दपार झालेले पाणी पत्र्यात ठाण मांडून बसते.

लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो. आणि सच्छिद्र असल्याने आतला पत्रा वाचवतही नाही. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ही विद्युत-रासायनिक क्रिया झपाट्याने होते. (कोकणातल्या गाडीमालकांना वेगळे सांगायला नको!) शिवाय घरचा भेदी म्हणजे शेगडी: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. खिडक्या लावून स्वयंपाक केला, की ही वाफ गार पत्र्यावर जमते आणि ओघळून खालच्या पोकळ्यांत उतरते.

घेण्याआधी चाकांवरच्या कमानींवर चुंबक फिरवा. ते चिकटले नाही, तर तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. असा भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा जोडावा लागतो. त्यावर जस्ताचा प्रायमर. जस्त स्वतः झिजते, लोखंड वाचवते. पोकळ्यांत मेण फवारायचे.

रंग नंतर निवडा. आधी इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदला. त्या तडकल्या तर गाडी पेट घेऊ शकते.