इटलीतला पणजोबा शोधायचाय? आधी गाव शोधा

नाव ज्युझेप्पे, आडनाव रुस्सो आणि 'नेपल्सचा होता' एवढीच ऐकीव माहिती? असे ज्युझेप्पे ढिगाने सापडतील! शिवाय नेपल्स हे बरेचदा फक्त बोट सुटायचं बंदर असतं. इटलीत जन्म-मृत्यूच्या नोंदी गाववार आहेत, त्यामुळे गाव कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पणजोबा अमेरिकेला गेला असेल तर गावाचं नाव बहुधा तिथल्याच कागदांत मिळतं. १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज बघा. मग बोटीची प्रवासी यादी. १९०७ पासून त्यात मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता विचारत. 'वडील अमुक, गाव तमुक' अशी ओळ दिसली की लॉटरीच! अमेरिकेत उतरणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या एलिस बेटावर कारकुनांनी नावं बदलली, ही मात्र लोणकढी थाप. याद्या बोट सुटण्याआधीच तयार होत. आणि पणजी माहेरच्या आडनावाने शोधा.

गाव मिळालं की 'अँतेनाती' हे सरकारी संकेतस्थळ उघडा, फुकट आहे. नेपल्सकडच्या नोंदी १८०९ पासूनच्या. अक्षर अगदी मोडीच्या तोडीचं! थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत तिथेही, म्हणून एकाच नावाचे चुलतभाऊ भेटतात. आईचं नाव ताडून बघाच.