रणभूमीवरून न परतलेले मन

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत घायाळ झालेल्या हिंदी सैनिकांवर इंग्लंडमधील ब्रायटनच्या राजवाड्यात उपचार झाले. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, ‘लॅन्सेट’ने ‘शेल शॉक’ ही संज्ञा छापली. या व्याधीला ‘आघातोत्तर तणाव विकार’ म्हणून अमेरिकी मानसोपचार संघटनेची मान्यता मिळाली ती १९८० मध्ये. भ्याडपणा आणि आजार यांतील भेद ओळखायला वैद्यकशास्त्राला इतकी वर्षे लागली. समाजाला तो अजूनही पुरता उमगलेला नाही.

आपल्या लष्कराच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गीकरणात पहिलेच अक्षर मानसिक स्थितीचे आहे. मात्र खालची श्रेणी मिळाली की बढतीवर परिणाम होतो. त्यामुळे जवान झोप उडाल्याचे सांगत नाही. पुढे पस्तिशी-चाळिशीत तो निवृत्त होतो, पलटण सुटते, आणि दबलेले सारे घरात उफाळून येते.

जिल्हाधिकारी या नात्याने मी राजस्थानातील एका जिल्ह्यात सैनिक मंडळाच्या बैठका घेत असे. जमीन, निवृत्तिवेतन, मुलांची शिष्यवृत्ती यांवर तासन्‌तास चर्चा होई. एकदा एका सुभेदाराच्या पत्नीने थेट विचारले, “साहेब, हे रात्री ओरडत उठतात, याचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा?” तशी खिडकीच नव्हती.

आज चित्र अगदीच रिकामे नाही. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष उघडला. धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे जडला असे गृहीत धरावे. तो तसा नाही, हे सिद्ध करण्याचा भार शासनावर राहील. ते प्रकरण अपस्माराचे होते, पण तत्त्व मनाच्या जखमेलाही लागू पडते.

उणीव आहे ती दुव्याची. निवृत्तीपूर्वी मानसिक तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष निवृत्तिवेतनाच्या आड येऊ नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम एकमेकांशी जोडले जावेत. प्रशिक्षित माजी सैनिकच समुपदेशक असावेत, कारण सैनिक आपले मन सैनिकापाशीच मोकळे करतो. घरच्यांनाही लक्षणे ओळखायला शिकवावे.

यासाठी नवे मंत्रालय नको, मोठा निधीही नको. बैठकीच्या कार्यसूचीत एक कायमचा विषय वाढवला, तरी सुरुवात होते.