जर्मन कागदावरची तारीख इंग्रजीत लिहिताना हे चार नियम पाळा



२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पण जर्मन शिकलेल्या प्रत्येकाने तिकडेच जावं असं थोडंच आहे? नांदेड-लातुरात घरी बसून जर्मन कोटेशन, ऑर्डर, करार इंग्रजीत करून देण्याचा व्यवसायही होऊ शकतो. भांडवल काय, तर लॅपटॉप, भाषा आणि नीटपणा.

या कामात अवघड शब्द आपण दोनदा तपासतो. तारीख मात्र "आकडेच तर आहेत" म्हणून जशीच्या तशी उतरवतो. ग्राहकाचा पैसा तिथेच अडकू शकतो.

१. महिना अक्षरात लिहा

जर्मन माणूस ०५.०८.२०२६ लिहितो, म्हणजे ५ ऑगस्ट. आपणही आधी दिवसच लिहितो, म्हणून आपल्याला काही खटकत नाही. पण तुमचं इंग्रजी अमेरिकेत वाचलं गेलं तर तेच ८ मे होतं. हिशोब करून बघा: दिवस १ ते १२ च्या आत असला की घोटाळा शक्य. १२ गुणिले १२ म्हणजे १४४ तारखा. त्यातल्या १२ तारखांत दिवस-महिना सारखाच, त्या सोडा. तरी वर्षातल्या १३२ तारखा दोन प्रकारे वाचता येतात! म्हणून इंग्रजीत सरळ "५ ऑगस्ट २०२६" लिहा. फक्त आकडेच हवे असतील तर वर्ष-महिना-दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम वापरा.

२. टिंब सोबत आणू नका

जर्मनमध्ये "५. ऑगस्ट" असं टिंब देतात. ते टिंब म्हणजे "पाचवा". इंग्रजीत ते टिंब गाळायचं.

३. आठवड्याच्या नंबरची तारीख करा

समजा, लातूर एमआयडीसीतल्या दालमिलवाल्याने जर्मन यंत्र मागवलं आणि कागदावर डिलिव्हरी "के. डब्ल्यू. १५" अशी आहे. हा यंत्राचा मॉडेल नंबर नाही! ते "कालेंडरवोखे" म्हणजे वर्षाचा आठवडा. जर्मन आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. त्या हिशोबाने २०२६ चा १५ वा आठवडा म्हणजे ६ ते १२ एप्रिल. भाषांतरात आठवड्याचा नंबर ठेवा आणि शेजारी या तारखा द्या. ट्रक, क्रेन, फिटर कधी बोलवायचा हे दालमिलवाल्याला त्यावरूनच कळणार.

४. "आठ दिवस" म्हणजे किती?

गंमत बघा, आपण "आठ दिवसांनी ये" म्हणतो तेव्हा पुढच्या आठवड्याचा तोच वार असतो. जर्मन लोकही बोलताना "आख्ट टागं", म्हणजे आठ दिवस, असंच म्हणतात. साध्या पत्रात त्याचं इंग्रजी "एक आठवडा" बरोबर. पण व्यापारी करारात थांबा. जर्मनीच्या व्यापार कायद्याचं कलम ३५९ सांगतं की आठ दिवसांची मुदत ठरली असेल आणि शंका असेल, तर पूर्ण आठ दिवस धरायचे. तिथे "आठ दिवस"च लिहा. पैसे भरायच्या मुदतीत एक दिवसही महाग पडतो.

फाइल पाठवण्याआधी

मूळ कागद आणि भाषांतर शेजारी ठेवा. बाकी मजकूर सोडून फक्त तारखा वरून खाली टिक करत जा. एक्सेलची शीट असेल तर जास्त सावध राहा, कारण कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर दिवस-महिना उलटू शकतो. मूळ कागदातच तारीख चुकलेली वाटली, जसं ३१ जून, तर स्वतःच्या मनाने दुरुस्त करू नका. आहे तशी ठेवा, खाली टीप द्या आणि ग्राहकाला फोन करून विचारा.

या तपासणीला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं तुमच्या रेटमध्ये धरा, फुकट देऊ नका. पुढचं काम तुमच्याकडेच येण्याचं कारण तीच ठरतील.

आजचा गृहपाठ: २०२६ चा ३२ वा आठवडा कोणत्या तारखेला सुरू होतो? मोबाइल न बघता काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत!