लाइव्ह लोकेशनचा ठिपका थांबला म्हणजे काय? रात्रीच्या प्रवासाआधी घरी हे समजावून सांगा

अमळनेरहून रात्रभराच्या गाडीने मुंबईला निघालं, की घरून एकच सूचना असते: "लोकेशन पाठव." आपण व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन सुरू करतो आणि झोपून जातो. घरी आई मात्र तो ठिपका बघत जागी राहते.

खान्देश एक्सप्रेसने ये-जा करताना मला रात्री दोनला असे फोन बऱ्याचदा आलेत: "तासभर झाला, ठिपका हलत नाही. बरा आहेस ना?" मी बर्थवर मस्त झोपलेला असायचो. मग ठिपका का थांबतो?

यात दोन वेगळी कामं आहेत

पहिलं काम जागा शोधणं. फोन जीपीएस उपग्रहांचे सिग्नल घेऊन जागा ठरवतो. त्याला इंटरनेट लागत नाही. दुसरं काम ती जागा घरी पोहोचवणं. त्याला डेटा लागतोच. नवापूरकडच्या पट्ट्यात माझं नेटवर्क गेलं की गाडी धावत असते, पण घरच्या स्क्रीनवर ठिपका जागेवरच.

म्हणजे ठिपका "पोरगं आत्ता इथे आहे" असं सांगत नाही. "फोनने शेवटचं इथून कळवलं" एवढंच सांगतो. म्हणून ठिपक्याच्या आधी तो किती वाजता अपडेट झाला, ती वेळ बघायची. घरच्यांना ही एक गोष्ट कळली तरी अर्धी धाकधूक कमी होते.

ठिपका थांबण्याची नेहमीची कारणं

- नेटवर्क नाही.
- बॅटरी सेव्हरने अॅपचं मागे चाललेलं काम बंद केलं.
- बॅटरी संपली. बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात.
- मुदत संपली. व्हॉट्सअॅपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास एवढेच पर्याय आहेत. प्रवास त्याहून मोठा असेल, तर शेअरिंग ऐन पहाटे आपोआप बंद होतं.

निघण्याआधी एवढं करा

१. लोकेशनची परवानगी "नेहमी" वर ठेवा आणि त्या अॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळा.

२. लांबच्या प्रवासाला गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग वापरा. त्यात मुदत जास्त ठेवता येते आणि घरच्यांना तुमच्या फोनची बॅटरीही दिसते.

३. गाडी नंबर, डबा आणि बर्थ घरी मेसेज करा. तुमचा फोन बंद पडला तरी रेल्वेच्या एनटीईएस अॅपवर गाडी कुठे आहे ते त्यांना बघता येतं.

४. फोनची वेळ ठरवा: "सुरतला एक मेसेज, उतरल्यावर फोन." मध्ये ठिपका थांबला तर आधी गाडी बघायची, मग कॉल करायचा.

खरंच अडचण आली तर?

हलणारा ठिपकाही सुरक्षिततेची खात्री देत नाही. फोन चोरीला गेला तरी तो हलतच राहील! त्यामुळे मदत मागायचा रस्ता वेगळा हवा. रेल्वेत १३९, इतरत्र ११२. गाडी महाराष्ट्रातून गुजरातमध्ये गेली तरी हेच नंबर चालतात. सेटिंग्जमध्ये "इमर्जन्सी एसओएस" शोधून आई-पप्पांचे नंबर टाकून ठेवा. फोननुसार पॉवर बटण तीन किंवा पाच वेळा पटापट दाबलं की ते सुरू होतं. गंमत म्हणून दाबू नका, खरोखर कॉल लागतो.

आणि पोहोचल्यावर?

शेअरिंग बंद करा, पण "पोहोचलो, आता बंद करतोय" असं सांगून. न सांगता बंद केलं तर घरी पुन्हा तीच काळजी. कायम चालू ठेवलं तर उद्या "कॉलेज सोडून तिथे काय करत होतास?" हा प्रश्न येणारच. प्रवासापुरतं शेअर करायचं, हे दोघांनी निघण्याआधीच ठरवलेलं बरं. आणि ठिपका कसा वाचायचा, ते आज जेवताना आईला तिच्याच फोनवर दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.