पाच तख्तं (भाग ४) : गोदाकाठचं हजूर साहिब

मागचे तिन्ही भाग पंजाबात गेले. अकाल तख्त, केसगढ साहिब, दमदमा साहिब ही तिन्ही तख्तं तिथलीच. चौथं मात्र मराठवाड्यात, नांदेडला आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग जन्मले पाटण्यात, खालसा पंथ उभा केला आनंदपूरला आणि देह ठेवला गोदावरीच्या काठी.

ते इथवर आले कसे? औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ वारला आणि गादीसाठी भाऊबंदकी पेटली. औरंगजेबाचा मुलगा बहादूरशहा आपल्या कामबक्ष या भावाचा बंदोबस्त करायला दक्षिणेत उतरला. त्याच्या छावणीबरोबर गुरूही १७०८ मध्ये नांदेडला पोहोचले. तिथे माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा हा बैरागी गुरूंचा शिष्य झाला, बंदासिंग म्हणून पंजाबात गेला आणि १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकलं. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना जिथे मारण्यात आलं, तेच हे सरहिंद. त्या हत्येचा हिशेब चुकता करणारी मोहीम नांदेडातून निघाली, हे आपल्या शालेय इतिहासात फारसं येत नाही.

स्वतः गुरूंवर मात्र नांदेडातच पठाण मारेकऱ्याने वार केला. परंपरा सांगते की, जखम शिवली होती, भरतही आली होती. पण जड धनुष्य ओढताना टाके उसवले. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंचं निधन झालं. त्याआधी त्यांनी यापुढे देहधारी गुरू नाही, गुरू ग्रंथ साहिब हाच गुरू, असं जाहीर केलं. त्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं नर्सी इथून जवळच, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात.

आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. मुलूख निजामाचा, पैसा लाहोरचा! सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या घुमटाखाली, आतल्या दालनात, गुरूंवर जिथे अंत्यसंस्कार झाले ती जागा आहे : अंगीठा साहिब. गुरूंची शस्त्रंही तिथेच जपलेली आहेत. भाविक दर्शन घेतात ते बाहेरूनच.

मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमारास, एक सेवेकरी घागर घेऊन गोदावरीवर जातो. त्याला गागरिया सिंग म्हणतात. त्याने आणलेल्या पाण्याने अंगीठा साहिब धुतला जातो. थंडी असो, पाऊस असो, हा क्रम चुकत नाही. संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते. गुरू ग्रंथ साहिबच्या जोडीने गुरू गोविंदसिंगांच्या नावे असलेल्या दसम ग्रंथाचाही इथे मान आहे. मुख्य जथेदार आजन्म ब्रह्मचारी असावा लागतो.

पंजाबातून पहिल्यांदा येणारा शीख यातल्या काही गोष्टींनी चक्रावतो. कारण सरळ आहे. तिकडे सुधारणेची चळवळ झाली, १९२५ चा गुरुद्वारा कायदा आला, पूजाविधी एका साच्यात बसवले गेले. निजामाच्या राज्यातल्या नांदेडपर्यंत तो वरवंटा पोहोचला नाही. इथल्या गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ साली हैदराबाद राज्याने वेगळा कायदा केला. त्यामुळे जुन्या चाली टिकल्या. काहींना त्यात हिंदू प्रथांची छाया दिसते. पण एका मोठ्या पंथात एक तख्त आपल्या रीतीने चालतं, यात बिघडलं काय?

पंजाबशी नाळ मात्र घट्ट आहे. अमृतसरहून निघणारी सचखंड एक्सप्रेस सुमारे दोन हजार किलोमीटर धावून नांदेडला पोहोचते आणि वाटेत काही स्थानकांवर सेवेकरी प्रवाशांना फुकट लंगर वाढतात. नेहमीचे प्रवासी ताट-वाटी घरूनच घेऊन निघतात. २००८ मध्ये गुरुता गद्दीची, म्हणजे ग्रंथाला गुरुपद मिळाल्याची, त्रिशताब्दी झाली, तेव्हा नांदेडात रस्ते, घाट, विमानतळ यांची कामं मार्गी लागली.

नांदेडला जाणार असाल तर संध्याकाळची आरती चुकवू नका आणि डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. पुढच्या आठवड्यात पाटणा साहिब.